घोडेस्वारांच्या देशात मेंढ्या कुठायत?

भाचा यंदा नववीत गेला. मे महिन्याच्या सुट्टीत त्याने वहीची मधली दोन पानं उलगडून त्यावर एक अख्खं जग काढलं. डावीकडे डोंगर आणि किल्ले, खाली बंदराचं शहर, आणि उजवीकडे पानभर मोकळं मैदान. मैदानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'अश्वगणांचं राष्ट्र'. बारा टोळ्या, बारा निशाणं, दहा हजार स्वार. राजाला नाव होतं, त्याच्या घोड्याला नाव होतं, तलवारीलाही होतं. मला ते मनापासून आवडलं. कौतुक करता करता सहज विचारलं, "यांच्या मेंढ्या कुठायत?"

"मेंढ्या?" मी त्याच्या राजाकडे रेशनकार्ड मागितल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "अगं मावशी, हे योद्धे आहेत!"

तिथून जे बोलणं सुरू झालं ते दोन दुपारी पुरलं. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडते आहे, कारण ही चूक त्याची एकट्याची नाही. गोष्टींत आणि खेळांत भेटणारी घोडेस्वारांची राष्ट्रं बहुतेक अशीच असतात. धुळीचा लोट, केसांच्या वेण्या, आरोळ्या आणि घोडेच घोडे. संध्याकाळी हे लोक काय खातात, कशावर शिजवतात, तंबू कशाचा करतात, हे कुणी विचारत नाही. खऱ्या जगात अशी बरीच राष्ट्रं होऊन गेली. शक, शिओंग्नू, हूण, तुर्क, मंगोल. मी मंगोलांचं उदाहरण घेते. त्यांनी आपली गोष्ट आपल्याच भाषेत लिहून ठेवली आहे, आणि ते जगणं मंगोलियात आजही चालू आहे.

गवत माणसाला पचत नाही, इथून सुरुवात

हंगेरीपासून मंचुरियापर्यंत सुमारे ८,००० किलोमीटर लांबीचा गवताळ पट्टा पसरलेला आहे. याला स्टेप म्हणतात. मंगोलियाच्या बाजूला वर्षाला जेमतेम २०० ते ३५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपण माणदेशाला दुष्काळी म्हणतो, पण तिथेही याहून जास्त पडतो. शिवाय हिवाळ्यात पारा उणे ३०-४० अंशांपर्यंत जातो. अशा जमिनीत शेती करणं म्हणजे दरवर्षी जुगार. गवत मात्र उगवतं, आणि भरपूर उगवतं.

पण गवत माणसाला पचत नाही. तेव्हा गवत आणि माणूस यांच्यामध्ये कुणीतरी लागतं, जे गवत खाऊन दूध, मांस, लोकर, कातडं आणि जळण देईल. ते काम मेंढी करते. घोडेस्वारांच्या देशाचं स्वयंपाकघर मेंढीवर चालतं.

मंगोल लोक आपल्या जनावरांना मिळून 'पाच नाकाडांचं धन' म्हणतात. घोडा, गाय (उंच थंड भागात याक), उंट, मेंढी आणि शेळी. पाचही ठेवण्यामागे शहाणपण आहे, कारण एकच रान पाच जणं पाच तऱ्हेने खातात. शेळ्यामेंढ्या गवत बुडापाशी कुरतडतात. गाय जिभेने झुबका ओढून तोडते, तिला उंच गवत लागतं. उंट काटेरी झुडपांवर भागवतो. घोडा लांबवर चरत जातो आणि बर्फ पडला की खुरांनी उकरून खालचं गवत काढतो. मेंढीला जाड बर्फ उकरणं जमत नाही. म्हणून हिवाळ्यात आधी घोडे सोडायचे आणि त्यांनी फोडलेल्या वाटेवर मागून मेंढ्या न्यायच्या.

तंबूही मेंढीचाच. त्याला गेर म्हणतात. लाकडी पट्ट्यांची घडी होणारी जाळीदार भिंत, वर छत्रीच्या काड्यांसारखे वासे, माथ्यावर गोल झरोका, आणि या सगळ्यावर लोकरीचा नमदा गुंडाळलेला. ज्यांच्या घरी जुना बुरणूस आहे त्यांनी तो हातात घेऊन पाहावा. विणलेला नाही, लोकर भिजवून, दाबून, लाटून केलेला. तसलाच, पण कितीतरी जाड. चुलीत जळतं ते गाईचं वाळलेलं शेण, त्याला अर्गल म्हणतात. आपल्या गोवऱ्याच, फक्त थापायचे कष्ट नाहीत. तिथली कोरडी हवाच वाळवून देते, आपण पाठीवर टोपली घेऊन वेचायच्या.

"मग घोडा कशाला?" भाच्याने जरा रागानेच विचारलं. बरोबर विचारलं. पायी चालणारा माणूस आणि एक चांगला कुत्रा मिळून दोनेकशे मेंढ्या सांभाळू शकतात. तोच माणूस घोड्यावर बसला की पाचशेच्या आसपास सांभाळतो. दूरचं गवत गाठता येतं, हरवलेलं जनावर शोधता येतं, लांडग्याच्या मागे लागता येतं. स्टेपवर घोडा आधी मेंढपाळाच्या कामाचा, मग लढाईच्या. शेजारच्या राज्यांना यातला शेवटचा भाग तेवढा दिसायचा, आणि इतिहास लिहिणारे बहुतेक शेजारच्याच राज्यांतले होते.

दहा हजार स्वारांचा हिशोब

मंगोलियात आजही चराईचा हिशोब मेंढीच्या मापात करतात. एक गाय म्हणजे ६ मेंढ्या, एक उंट ५, एक शेळी ०.९ आणि एक घोडा ७. उंटापेक्षा घोडा जास्त कसा, असं वाटेल. घोडा रवंथ करत नाही. गवतातलं सत्त्व त्याला कमी मिळतं, म्हणून तो खातच राहतो.

आता वहीतले दहा हजार स्वार घेऊ. स्टेपवरचा लढवय्या एका घोड्यावर कधीच निघत नसे. तीन ते पाच घोडे बरोबर असत, एक दमला की दुसऱ्यावर मांड. चार धरले तर ४०,००० घोडे. गुणिले ७ म्हणजे २,८०,००० मेंढ्यांचा चारा, रोजच्या रोज. यात दुधाची एकही घोडी नाही, शिंगरू नाही, बायकापोरांचं एकही जनावर नाही. असा जमाव एका जागी उतरला तर आसपासचं गवत काही दिवसांत बोडकं होणार. मग रोज आणखी लांबून चारून आणायचं, म्हणजे घोडे चालण्यातच वाळायचे.

म्हणून हे राष्ट्र एरवी दिसतच नाही. दोनचार कुटुंबांचा एक मुक्काम, पुढचा मुक्काम काही किलोमीटरांवर, मध्ये नुसतं गवत. अख्खी टोळी एकत्र येते ती थोड्या दिवसांसाठी, उन्हाळा-शरदात, गवत भरपूर असताना. मोठ्या सभेला कुरुलताई म्हणतात. तिथे खान निवडायचा, मोहीम ठरवायची, लग्नं जुळवायची, घोड्यांच्या शर्यती लावायच्या आणि गवत संपायच्या आत पांगायचं. वहीत मैदानाच्या मधोमध जी 'महाछावणी' काढली होती ती आम्ही खोडरबराने पुसली.

लढाईचं पंचांगही गवतच ठरवतं. घोडा शरदात सर्वांत तगडा असतो. हिवाळाभर बर्फ उकरून जगल्यावर वसंतात त्याच्या बरगड्या मोजता येतात. मंगोल घोड्याला तबेला नाही, दाणा नाही, अंगावर झूल नाही. उंचीने बेताचा, केसाळ, बारा महिने उघड्यावर. शरदातल्या चरबीवर तो हिवाळा काढतो. मंगोलांनी रशियातली शहरं घेतली ती १२३७-३८ च्या हिवाळ्यात, गोठलेल्या नद्यांचे रस्ते करून. वसंतात बर्फ वितळून चिखल व्हायला लागला तेव्हा नोव्हगोरोद शहराच्या अलीकडून ते परत फिरले. आपल्याकडे पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्याला शिलंगण करून मोहिमेवर निघणं, यामागेही चारा, चिखल आणि नद्यांचं पाणीच होतं. मुलूख वेगळे, पण घोड्याचं पोट सारखंच.

घोडी दुहायची कशी

हे सांगताना भाचा पहिल्यांदा पेन खाली ठेवून ऐकायला लागला, म्हणून इथे जरा रेंगाळते.

उन्हाळ्यात तंबूजवळ दोन खुंट्यांमध्ये जमिनीलगत एक लांब दोर ताणतात आणि त्याला शिंगरं ओळीने बांधतात. शिंगरू बांधलेलं असलं की घोडी लांब जात नाही. तिची कास लहान, तिच्यात दूध साठून राहत नाही, म्हणून दिवसातून अनेकदा, दर दोन-तीन तासांनी दुहावं लागतं. आधी शिंगराला तोंड लावू देतात. पान्हा फुटला की त्याला बाजूला ओढायचं, पण दूर न्यायचं नाही. एकाने ते घोडीच्या अंगाला चिकटून धरून उभं राहायचं, म्हणजे आपलं पोरच पितंय असं तिला वाटत राहतं. दुहणारी बाई एक गुडघा टेकते, दुसऱ्या गुडघ्यावर बादली तोलते आणि एक हात घोडीच्या मागच्या पायामागून घालून धार काढते. थोड्याच वेळात धार संपते. मग पुढची घोडी.

हे दूध कातड्याच्या मोठ्या पिशवीत ओततात. आत आधीचं विरजण असतंच. पिशवी दाराजवळ टांगलेली, तिच्यात लाकडी रवी. येणाऱ्या-जाणाऱ्याने चार घुसळे मारायचे, ही रीत. दिवसभरात हजारो घुसळे होतात आणि दूध आंबून आयराग तयार होतं. आंबट, किंचित फसफसतं, थोडीशी नशा असलेलं, ताक आणि ताडी यांच्या मधलं काहीतरी. तुर्की भाषांत याला कुमीस म्हणतात. घोडीच्या दुधात दुधाची साखर फार असते आणि बहुतेक मोठ्या मंगोल माणसांना ती पचत नाही. आंबवल्यावर तिचा बराच भाग निघून जातो. शास्त्र नंतर आलं, पिशवी आधीपासून होती.

आणखी एक. मंगोल लोक घोड्यांना सहसा नावं देत नाहीत. घोडा ओळखायचा रंगावरून, खुणांवरून. त्यासाठी त्यांच्या भाषेत शेकडो शब्द आहेत. आपल्याकडेही अबलख, कुमाईत, पंचकल्याणी असे शब्द होते, पण आता ते पोवाड्यांतच भेटतात. राजाच्या घोड्याचं नाव खोडायला भाचा तयार झाला नाही. मीही आग्रह धरला नाही.

भटके, पण वाट चुकलेले नव्हेत

'भटके' या शब्दाने एक गैरसमज होतो की हे लोक मन मानेल तिकडे जात असतील. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे निघालेला धनगरांचा वाडा ज्यांनी पाहिलाय, घोड्याच्या पाठीवर लादलेलं बिऱ्हाड, वर बांधलेल्या कोंबड्या, एखादं तान्हं कोकरू, त्यांना हा गैरसमज होणार नाही. कुठल्या गावात कधी पोचायचं, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. स्टेपवरही तसंच. हिवाळ्याची जागा टेकडीच्या दक्षिण उतारावर, वाऱ्याच्या आडोशाला. उन्हाळ्याची नदीकाठी. वर्षात दोन-चार ठरलेले मुक्काम, दुष्काळी साल असेल तर जास्त. हिवाळ्याच्या जागेचं गवत उन्हाळ्यात चारायचं नाही, कारण ते म्हणजे तिजोरीतली शिल्लक. ती जागा कुणाची, हा प्रश्न हाणामारीपर्यंत जाऊ शकतो.

उठून जाण्याची सोय

आता मुख्य गोष्टीकडे येते. मला विचाराल तर घोडेस्वारांच्या राज्याचं सगळं गुपित एवढ्यातच आहे, की इथली प्रजा उठून जाऊ शकते.

शेतकऱ्याची जमीन जागची हलत नाही. राजाने कितीही सारा वाढवला तरी विहीर आणि शेत उचलून दुसऱ्याच्या राज्यात नेता येत नाही. मेंढपाळाची संपत्ती मात्र चार पायांवर उभी असते. गेर तासा-दोन तासांत मोडून उंटावर किंवा बैलगाडीवर लादता येतो. मालक नको झाला तर एका रात्रीत टोळी नाहीशी. मागे उरतात चुलीची राख आणि तंबूची गोल खूण.

चंगीझ खानाने हे लहानपणीच पाहिलं. तेव्हा तो तेमुजिन होता. तो नऊ वर्षांचा असताना वडील येसुगेई यांना तातार या शत्रू टोळीने विष घातलं. नंतर काय झालं ते 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या १३व्या शतकातल्या मंगोल ग्रंथात आहे. वडिलांच्या मागे चालणारे लोक कळप घेऊन निघून गेले. विधवा होएलुन आणि तिची पोरं मागे राहिली, कंदमुळं, मासे आणि मार्मोट (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला जाडा प्राणी) खाऊन जगली. बंड नाही, लढाई नाही. लोक नुसते उठून गेले आणि एक सरदार-घराणं एका दिवसात कफल्लक झालं.

त्याच ग्रंथातला आणखी एक प्रसंग. या घरापाशी मोजून नऊ घोडे उरलेले असतात. त्यांतले आठ चोर पळवतात. नवव्यावर बसून तेमुजिन माग काढत निघतो. तीन रात्रींनंतर सकाळी त्याला घोड्या दुहणारा एक मुलगा दिसतो, बोओर्चू. त्याला हकिकत सांगतो. बोओर्चू हातातली बादली आणि दुधाची पिशवी गवतात झाकून ठेवतो, तेमुजिनला ताज्या दमाचा घोडा देतो, बापाला न सांगता स्वतःही बरोबर निघतो. दोघं मिळून आठही घोडे परत आणतात. तेमुजिन वाटा देऊ करतो. बोओर्चू नाही म्हणतो, मी सोबती म्हणून आलो होतो.

या 'सोबती'ला मंगोल शब्द आहे नोकोर. आपली टोळी सोडून, स्वखुशीने एखाद्या नेत्याला येऊन मिळालेला साथीदार. हाच शब्द फारसीत गेला आणि तिथून आपल्याकडे आला. आपला नोकर. वाटेत त्याची स्वखुशी तेवढी गळून पडली. दरोगा मंगोलच, बहादूर आणि खान हेही स्टेपवरचे, आणि उर्दू भाषेचं नाव ज्या तुर्की शब्दावरून पडलं त्या 'ओर्दू'चा मूळ अर्थ छावणी. 'मोगल' हे तर मंगोल या शब्दाचंच फारसी रूप. आपण कधी स्टेप पाहिलेली नसते, पण ती आपल्या तोंडात रोज असते.

नातेसंबंधांची भाषाही ऐकण्यासारखी आहे. बापाकडच्या वंशाला मंगोल 'यासून' म्हणतात, म्हणजे हाड. एकाच हाडाच्या घरांत सोयरीक होत नाही, आपल्याकडच्या देवकासारखंच. म्हणून मुलगी नेहमी दुसऱ्या टोळीतून येते आणि दर लग्नाबरोबर दोन टोळ्यांचं राजकारण जुळतं. रक्ताचं नातं नसेल तर शपथेचा भाऊ करायचा, त्याला अंदा म्हणतात. तेमुजिन आणि जमुखा लहानपणी एकमेकांना सांध्याची हाडं देऊन अंदा झाले, त्याच हाडांचा डाव मंगोल मुलं खेळतात.

आणि याच दोघांच्या फाटाफुटीत माझ्या मेंढ्या आल्या. दोन्ही टोळ्या दीड वर्ष एकत्र फिरत होत्या. एकदा मुक्काम हलवताना जमुखा कोड्यात बोलला. डोंगराच्या कडेला उतरलो तर घोडे राखणाऱ्यांची सोय होईल, नदीच्या कडेला उतरलो तर मेंढ्या-कोकरं राखणाऱ्यांच्या पोटाची सोय होईल, अशा अर्थाचं काहीतरी. तेमुजिनला ते उमगलं नाही. त्याने आईला विचारलं. आईच्या आधी बायको बोर्ते बोलली. जमुखाला आपला कंटाळा आलाय, थांबू नका, रात्रभर चालत राहा. ते चालत राहिले. वाटेत इतर टोळ्यांतले लोक जमुखाला सोडून त्यांच्या मागे येत गेले.

या कोड्यावर अभ्यासक अजून वाद घालतात. कुणी म्हणतं घोडेवाले म्हणजे श्रीमंत आणि मेंढ्यावाले म्हणजे गरीब. कुणी म्हणतं हा साधा चराईचा तंटा आहे. मला त्यात एवढंच दिसतं की घोड्याला आणि मेंढीला एकच रान सोयीचं नसतं, आणि इतिहासातल्या सर्वांत मोठ्या सलग साम्राज्याची पहिली फूट या प्रश्नावरून बोलली गेली. भाच्याने हे ऐकून मुकाट्याने मैदानाच्या कोपऱ्यात तीन मेंढ्या काढल्या. एक जरा डुकरासारखी दिसते.

धरून ठेवायचं कसं

उठून जाऊ शकणाऱ्या लोकांवर राज्य करायचं तर दोनच वाटा उरतात. एक, सतत देत राहायचं. दुसरी, उठून जाण्याची सोयच काढून घ्यायची.

पहिली वाट जुनी. खान म्हणजे वाटणारा माणूस. लुटीत प्रत्येकाचा वाटा ठरलेला. पण मेंढ्या सगळ्यांकडेच असतात, त्या वाटून कुणी उपकृत होत नाही. वाटायला जे स्टेपवर बनत नाही ते हवं, म्हणजे रेशीम, धान्य, लोखंड, चहा. ते शेती करणाऱ्या शेजाऱ्याकडे असतं. खान ते व्यापारातून आणतो, खंडणीतून आणतो, नाहीतर लुटून आणतो. चीनच्या उत्तरेकडच्या शिओंग्नू टोळ्यांना चीनचे हान सम्राट इ.स.पू. १९८ पासून रेशीम, धान्य, मद्य आणि राजघराण्यातली वधू पाठवत होते. ही मेहरबानी नव्हती, लढाईपेक्षा स्वस्त पडत होतं. व्यापार बंद झाला की काय होतं, याचं उदाहरण चीनमधल्या मिंग राजघराण्याच्या काळातलं. घोड्यांच्या किमती आणि खंडणी-भेटींवरून बिनसलं आणि १४४९ मध्ये ओइरात मंगोलांच्या एसेनने तुमू इथे चिनी सम्राटालाच धरून नेलं. पुढे १५५० मध्ये अल्तान खान हा दुसरा मंगोल सरदार पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) वेशीपर्यंत गेला. त्याची मुख्य मागणी बाजार उघडा, ही होती. १५७१ मध्ये तह होऊन घोड्यांचे बाजार उघडले आणि त्या सरहद्दीवरची चढाई बरीचशी थांबली. 'रानटी' लोकांना नेमकं काय हवं होतं ते समजायला दरबाराला इतकी वर्षं लागली, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

दुसरी वाट तेमुजिनने काढली. १२०६ मध्ये ओनोन नदीकाठच्या कुरुलताईत तो चंगीझ खान झाला आणि त्याने टोळ्यांची मोडतोडच केली. दहाचा गट, शंभराचा, हजाराचा, पुढे दहा हजारांचा तुमेन. असे ९५ हजारी गट त्याने नेमले. हरवलेल्या टोळ्यांची माणसं वेगवेगळ्या गटांत पांगवली. आपला गट सोडून दुसरीकडे जाण्याला कडक शिक्षा. सरदारांची मुलं खानाच्या खास पहाऱ्यात घेतली, म्हणजे मान आणि ओलीस एकदमच. माणूस आता हाडाने ओळखला जाईना, गटाने ओळखला जाऊ लागला.

आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असा भेद होता. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा, बारगिराचा घोडा सरकारी पागेचा. महाराजांचा भर पागेवर. मराठे काही स्टेपवरचे भटके नव्हते, त्यांचं सगळं गणित गड आणि रयतेच्या शेतीवर उभं. पण घोडा कुणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच. ज्याचा घोडा, त्याच्या हाती जाण्याची सोय.

यात नशिबाचाही वाटा होता. मध्य मंगोलियातल्या जुन्या झाडांच्या वलयांवरून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की १२११ ते १२२५ ही वर्षं तिथे सलग ओलसर आणि उबदार होती. गवत जास्त, म्हणून घोडे जास्त. चंगीझच्या मोठ्या मोहिमा याच वर्षांतल्या. पावसाने साम्राज्य घडवलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण कोरड्या वर्षांत एवढे घोडे पोसले गेले नसते.

उलट साल आलं तर त्याला मंगोल शब्द आहे झुद. पांढरा झुद म्हणजे बर्फ इतका की घोड्यालाही उकरता येत नाही. काळा झुद म्हणजे बर्फच नाही, त्यामुळे प्यायला पाणी नाही. लोखंडी झुद म्हणजे वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाचा पत्रा, खाली गवत दिसतंय पण पोचता येत नाही. २००९-१० च्या हिवाळ्यात मंगोलियात ८० लाखांहून जास्त जनावरं मेली. २०२३-२४ मध्ये ७० लाखांच्या पुढे. सरणावर ठेवावं तशी रचलेली, गोठलेली मेंढरं त्या काळच्या फोटोंत दिसतात. जनावरं गेल्यावर बरीच कुटुंबं कायमची शहरात निघून गेली.

रेषा आखल्यावर

घोडेस्वारांची राज्यं बंदुकांनी संपवली असं आपण वाचतो. ते अर्धं खरं आहे. १८व्या शतकात चीनच्या छिंग राजांनी झुंगार मंगोलांचं राज्य १७५५ ते १७५८ दरम्यान बुडवलं, त्यात बंदुका-तोफा होत्याच. पण बाकीच्या मंगोलांवर त्यांनी राज्य केलं ते रेषा आखून. प्रत्येक सरदाराला ठरावीक हद्दीचा मुलूख दिला, आणि परवानगीशिवाय जनावरं घेऊन हद्द ओलांडायची नाही. खान आवडला नाही तर उठून जाण्याची वाट तिथे बंद झाली.

सर्वांत भयंकर प्रकार विसाव्या शतकातला. सोव्हिएत राजवटीने कझाकांची जनावरं सामुदायिक शेतांसाठी काढून घेतली आणि त्यांना बळजबरीने एका जागी बसवलं. १९३० ते १९३३ च्या उपासमारीत कझाकस्तानात सुमारे १५ लाख माणसं मेली, त्यांतले बहुतेक कझाक. एका जागी बसवलेला मेंढपाळ मेंढ्यांशिवाय काय खाणार, हा साधा प्रश्न वरच्या कुणी विचारला नसावा.

मंगोलियाने १९९२ च्या राज्यघटनेत चराऊ जमीन खासगी मालकीतून वगळली. मेंढ्या तुमच्या, गवत सगळ्यांचं. त्यातही भांडणं आहेत. कश्मीरी लोकरीला भाव असल्याने शेळ्या बेसुमार वाढल्या आणि गवत बुडापाशी खाल्लं जातंय. पण आजही सुमारे ३५ लाख लोकसंख्येच्या त्या देशात जनावरांची संख्या माणसांच्या अनेक पटींनी आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वहीतलं मैदान बरंच बदललं होतं. महाछावणी गेली. दहा हजार स्वारांच्या जागी 'शरदात जमतात' असं लिहिलं गेलं. शेण वेचणारी एक म्हातारी आली आणि तिला नावही मिळालं. तीन मेंढ्यांच्या चाळीस झाल्या. शेवटी त्याने पट्टी घेतली, लाल पेन उघडलं आणि विचारलं, "मावशी, यांच्या देशाची हद्द कुठून कुठे काढू?"

"उन्हाळ्यातली की हिवाळ्यातली?" मी विचारलं.

त्याने पेनाला टोपण लावलं आणि पेन्सिल शोधायला उठला.